‘स्क्रीन रेकॉर्डर लावा आणि झोपा’: रेडिओ रेकॉर्डिंगच्या त्या मेसेजमध्ये काय काय चुकलंय

फोनवर रेडिओ रेकॉर्ड करण्याची ‘एकदम सोपी युक्ती’ सांगणारा मेसेज ग्रुपांवर अधूनमधून येतच असतो. शब्द बदलतात, मजकूर तोच: स्क्रीन रेकॉर्डर चालू करा, रेडिओ लावा, फोन लॉक करून झोपा, सकाळी रेकॉर्डिंग तयार. क्वालिटी (बिटरेट) ३२० केबीपीएस, म्हणजे सेकंदाला ३२० किलोबिट, ठेवली की आवाज सुधारतो. एफएमची चिप प्रत्येक फोनात असतेच, कंपन्यांनी ती मुद्दाम बंद ठेवली आहे. आणि आकाशवाणी सरकारी असल्यामुळे रेकॉर्डिंग कुठेही टाकलं तरी चालतं. ओळीने पाहू.

‘स्क्रीन रेकॉर्डर काहीही पकडतो’

नाही पकडत. दुसऱ्या अ‍ॅपचा आवाज आतल्या आत टिपण्याची अधिकृत सोय अँड्रॉइडमध्ये २०१९ साली, म्हणजे अँड्रॉइड १० पासून आली. त्याआधीच्या बहुतेक फोनांत, रूट न करता (म्हणजे फोनची आतली कुलपं न उघडता), रेकॉर्डर फक्त माइकचा आवाज घेऊ शकतो. स्पीकरमधून बाहेर पडलेला आवाज त्याच फोनच्या माइकने पुन्हा आत घ्यायचा. त्यात पंखा आला, कुकरची शिट्टी आली. शिवाय बोलण्यासाठी बसवलेली गोंगाट-नियंत्रणाची यंत्रणा संगीतालाच गोंगाट समजते, म्हणून तानपुरा मधूनमधून बुडतो आणि वर येतो. स्पीकर फुल केला तर फाटलेला आवाज रेकॉर्ड होतो, एवढाच फरक.

अँड्रॉइड १० आणि पुढच्या फोनांतही वाजवणाऱ्या अ‍ॅपला ‘माझा आवाज देणार नाही’ असं सांगता येतं. गाण्यांची सशुल्क अ‍ॅपं हा हक्क वापरतात. मग रेकॉर्डिंग पूर्ण लांबीचं होतं, पण आत शुद्ध शांतता असते. म्हणून आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्या आणि ती ऐका. रेकॉर्डर सुरू करताना ‘डिव्हाइस ऑडिओ’ हा पर्याय निवडलाय ना, हेही तेव्हाच बघा. ‘मायक्रोफोन’ राहिला असेल तर वरचा पंखा-कुकरचा प्रकार होतो. आयफोनमध्येही स्क्रीन रेकॉर्डिंगला साध्या अ‍ॅपांचा आवाज मिळतो, संरक्षित संगीताचा मिळत नाही.

फोनमधल्या खऱ्या एफएमची तऱ्हा आणखी वेगळी. बऱ्याच हँडसेटमध्ये एफएम चिपचा आवाज अँड्रॉइडच्या मिक्सरमधून (सगळे आवाज एकत्र करणाऱ्या भागातून) जातच नाही, हार्डवेअरच्या वाटेने थेट इअरफोनकडे जातो. कानाला ऐकू येतं, स्क्रीन रेकॉर्डरला येत नाही. तिथे एफएम अ‍ॅपमधलं रेकॉर्डचं बटणच वापरावं. फाइल एएमआरमध्ये (बोलण्यासाठीचा ऑडिओ प्रकार) होत असेल आणि सेटिंगमध्ये एएसीचा (संगीतालाही चालणारा प्रकार) पर्याय असेल तर तो घ्या. साधं एएमआर सेकंदाला ८,००० नमुने घेतं. बातम्यांना पुरतं, भजनाची वाट लावतं.

आणि मुळात चित्र कशाला? ८ एमबीपीएसचं (सेकंदाला ८ मेगाबिट) स्क्रीन रेकॉर्डिंग तासाला ३.६ जीबी खातं. ६४ केबीपीएसचा रेडिओ तासाला जेमतेम २९ एमबी.

इंटरनेट रेडिओसाठी सरळ मार्ग असा की आवाज पकडायचाच नाही, येणारा प्रवाह जसाच्या तसा फाइलीत उतरवायचा. रेडिओड्रॉइड या मुक्त-स्रोत अ‍ॅपमध्ये ही सोय आहे: केंद्र लावायचं, रेकॉर्ड दाबायचं. केंद्र यादीत नसेल तर त्याचा पत्ता शोधावा लागतो. संकेतस्थळावरून एम३यू किंवा पीएलएस फाइल (प्रवाहाच्या पत्त्यांची छोटी यादी) मिळाली तर ती टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा. आत दोन-चार ओळी असतात, त्यात खरा पत्ता असतो. पत्त्याच्या शेवटी एम३यू८ असेल तर तो एचएलएस प्रवाह, म्हणजे काही सेकंदांचे तुकडे एकामागून एक येतात. त्यासाठी टर्मक्समध्ये (फोनवर आज्ञा लिहून प्रोग्राम चालवण्याची सोय) एफएफएमपेग हा ऑडिओ-व्हिडिओचा प्रोग्राम चालवावा. टर्मक्स एफ-ड्रॉइड या मुक्त-स्रोत दुकानावरून घ्यावा. आज्ञेत तीन गोष्टी हव्यात: पत्ता, सेकंदांत कालावधी (एका तासाला ३६००) आणि कोडेकच्या (आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीच्या) जागी ‘कॉपी’. ‘कॉपी’ लिहिल्याने आवाज पुन्हा एन्कोड होत नाही, बॅटरीही कमी खर्च होते. पत्त्यात लांबलचक टोकन (तात्पुरती परवानगी देणारी अक्षरं-आकड्यांची माळ) दिसलं तर तो पत्ता काही वेळाने मरतो. तो जपून ठेवू नका, दर वेळी नवा घ्या.

‘फोन लॉक करून झोपा’

सगळ्यात जास्त रेकॉर्डिंगं इथेच मरतात. अँड्रॉइड १५ च्या पहिल्या तिमाही अपडेटपासून फोन लॉक झाला की स्क्रीन टिपण्याची परवानगी आपोआप संपते, म्हणजे तिच्यावर चालणारी रेकॉर्डर अ‍ॅपंही थांबतात. जुन्या आवृत्तीत हे होत नसलं तरी बॅटरी वाचवण्याच्या नावाखाली फोन मागे चाललेली अ‍ॅपं बंद करतो. काही कंपन्यांचे फोन यात फारच तत्पर. अ‍ॅपच्या माहितीत बॅटरी या भागात ‘अनिर्बंध’ किंवा ‘अनरिस्ट्रिक्टेड’ निवडा. टर्मक्सच्या नोटिफिकेशनमध्ये वेक लॉक (फोनला झोपू न देण्याची सोय) घेण्याचं बटण असतं, तेही दाबा.

अ‍ॅप मध्येच मारलं गेलं तर फाइलीचं काय होतं, हे तिच्या प्रकारावर आहे. एमपी४ किंवा एम४ए फाइलीची अनुक्रमणिका साधारणपणे रेकॉर्डिंग थांबवताना लिहिली जाते. ती लिहायच्या आधीच अ‍ॅप गेलं तर दीड तासाची फाइल कुठल्याच प्लेयरमध्ये उघडत नाही. एमपी३, सुटं एएसी, टीएस किंवा एमकेव्ही असेल तर तुटलेल्या जागेपर्यंतचं सगळं ऐकता येतं. लांब कार्यक्रमाला म्हणून एम४ए टाळावं.

वायफायवरून मोबाइल डेटावर उडी पडली तरी जोडणी तुटते. पुन्हा जोडताना आइसकास्ट (इंटरनेट रेडिओ पाठवणारं सॉफ्टवेअर) सर्व्हर आधी साठवलेला तुकडा एकदम पाठवतो, मूळ सेटिंगमध्ये ६४ किलोबाइटचा. ६४ केबीपीएसच्या केंद्रावर तो सुमारे ८ सेकंदांचा होतो. म्हणून जोडणी क्षणभरच तुटली असेल तर निवेदिका तेच वाक्य दोनदा बोलल्यासारखी वाटते. फाइल बिघडलेली नसते, जोडावर कापायची असते.

वेळ अचूक लावली तरी सुरुवात-शेवट हुकतो, कारण एचएलएस प्रवाह प्रत्यक्ष प्रसारणाच्या अर्ध्या-एक मिनिटाने मागे असू शकतो. आधी दोन मिनिटं आणि नंतर पाच मिनिटं जादा ठेवा. अमेरिकेत बसून टायमर लावणाऱ्यांना आणखी एक फटका बसतो. भारतात घड्याळं मागेपुढे होत नाहीत, तिथे मार्च आणि नोव्हेंबरमध्ये होतात. भारतातले सकाळचे ७ म्हणजे न्यूयॉर्कमध्ये उन्हाळ्यात आदल्या रात्रीचे साडेनऊ, हिवाळ्यात साडेआठ. रोजचा टायमर शक्यतो भारतीय वेळेवरच बांधावा.

‘३२० वर ठेवा, आवाज सुधारतो’

६४ केबीपीएसने आलेला आवाज ३२० मध्ये साठवला तर फाइल पाचपट होते, गेलेले सूर परत येत नाहीत. उलट दुसऱ्यांदा दाबल्याने थोडं आणखी जातं. एफएम प्रसारणात तर मुळातच १५ किलोहर्ट्झच्या वरचा आवाज नसतो. चिपवरून घेताना १२८ केबीपीएस एएसी भरपूर झालं. एफएम खरखरत असेल तर स्टीरिओ बंद करून मोनो करा. कमकुवत सिग्नलवर स्टीरिओचा भागच सगळ्यात जास्त खरखर आणतो. बिटरेट वाढवण्यापेक्षा याने कितीतरी जास्त फरक पडतो.

‘चिप प्रत्येक फोनात असते’

यात अर्धं खरं आहे. काही फोनांत एफएमची सोय असूनही बंद ठेवली जाते, आणि ती बंद ठेवू नये असं केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाने एप्रिल २०२३ मध्ये फोन-उत्पादकांच्या संघटनांना सुचवलं होतं. पण ‘प्रत्येक’ खोटं. आयफोन ७ आणि ८ मध्ये एफएमची चिपही नाही आणि त्यासाठीचा अँटेनाही नाही, हे अ‍ॅपलने २०१७ मध्ये सांगितलं. चिप असली तरी ती अँटेनाला जोडलेली लागते. १०० मेगाहर्ट्झची लहर ३ मीटरची, तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटीमीटर. म्हणून इअरफोनची वायर हाच अँटेना. ब्लूटूथ हेडफोन इथे कामाचा नाही. वायर लावून आवाज स्पीकरवर घेतला तरी चालतं, फक्त ती गुंडाळून ठेवू नका, खिडकीकडे पसरवा.

‘इअरफोनशिवाय एफएम’ देणारी अ‍ॅपं बहुतेक वेळा इंटरनेटचाच रेडिओ वाजवतात. डेटा आणि वायफाय बंद करून बघा, लगेच कळेल. आणि पुण्याचं ७९२ किलोहर्ट्झ किंवा मुंबईच्या अस्मिता वाहिनीचं ५५८ किलोहर्ट्झ हे मध्यम लहरींवरचं प्रसारण एफएम चिपला मिळतच नाही. त्यासाठी आकाशवाणीचं न्यूज ऑन एअर अ‍ॅप आहे.

‘सरकारी आहे, कुठेही टाका’

प्रताधिकार कायदा, १९५७ चं कलम ३९ स्वतःच्या खासगी वापरासाठी, तसंच प्रामाणिकपणे अध्यापन-संशोधनासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला मोकळीक देतं. पण कलम ३७ प्रमाणे प्रसारणावर प्रसारकाचा हक्क २५ वर्षं असतो, आणि प्रसार भारती त्याला अपवाद नाही. नाटक, गाणं, वाचलेली कथा यांचे हक्क पुन्हा वेगळे. दोन-अडीचशे लोकांचा ग्रुप किंवा यूट्यूब चॅनल हा खासगी वापर ठरत नाही. सशुल्क अ‍ॅपचं कुलूप फोडायचं असेल तर कलम ६५अ आहे: हक्कभंगाच्या हेतूने ते केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. ग्रुपला काही पाठवायचंच असेल तर कार्यक्रमाची वेळ आणि केंद्राची लिंक पाठवा.