कोल्हापुरातला लठ्ठपणा समाजावर मोजणाऱ्या मेसेजला उत्तर

गेला महिनाभर आपल्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. मला तो चार ठिकाणांहून आला: भावकीच्या ग्रुपवरून, शाळेच्या वर्गमैत्रिणींकडून, गल्लीच्या मंडळाकडून आणि एकदा थेट दूधवाल्याकडून. मथळा असा: ‘कोल्हापुरात कोणत्या समाजात किती लठ्ठ? सरकारी सर्वेक्षणाचे आकडे.’ खाली दहा समाजांची नावं. प्रत्येकापुढे बायकांचे आणि पुरुषांचे वेगवेगळे टक्के, तेही दशांशासकट. आणि त्याखाली चार निष्कर्ष. मटण खाणारे समाज लठ्ठ, शाकाहारी सडपातळ. शेतात राबणाऱ्या समाजांना हा आजार शिवतही नाही. तालमीची परंपरा असलेल्यांचं वजन म्हणजे ताकद. काही समाजांच्या बायका घरात बसून खातात म्हणून जाड. शेवटी, ‘आपल्या समाजापर्यंत पोचवा.’

समाजांची नावं मी इथे परत लिहिणार नाही. मी आहारशास्त्र शिकले आहे आणि आमच्या पेठेतल्या तालीम मंडळाच्या शिबिरात दर महिन्याला वजन, उंची आणि कंबर मोजायला बसते. त्यामुळे हा मेसेज नुसता वाचून सोडून देणं मला जमलं नाही. एकेक मुद्दा घेते.

‘सरकारी सर्वेक्षणाचे आकडे’

मेसेजमध्ये राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ चं नाव आहे. हे सर्वेक्षण खरं आहे, २०१९ ते २०२१ मध्ये झालं आणि चांगलं झालं. पण त्यात हा तक्ता नाही आणि असूही शकत नाही.

कारण साधं आहे. देशभर ७०७ जिल्ह्यांत मिळून सुमारे ७ लाख २४ हजार बायका आणि सुमारे १ लाख २ हजार पुरुष त्यात घेतले गेले. भागाकार करून बघा: जिल्ह्यामागे सरासरी हजारभर बायका आणि दीडशेच्या आत पुरुष. पुरुषांची संख्या इतकी कमी, कारण त्यांची वजन-उंची थोड्याच निवडक घरांत घेतली होती, ती राज्याचा आकडा काढण्यापुरती. म्हणून जिल्ह्याच्या माहितीपत्रकात जादा वजनाचा आकडा फक्त बायकांचा असतो, पुरुषांचा नसतोच. आणि मेसेजमध्ये कोल्हापुरातल्या दहा समाजांच्या पुरुषांचे दशांशासह टक्के दिलेत! दीडशे पुरुष दहा समाजांत वाटले तर वाट्याला येतात पंधरा. त्या पंधरांत एक जाडा जास्त निघाला की टक्केवारी एकदम सहा-सात अंकांनी उडी मारते. तिथं दशांश चिन्हानंतरचा आकडा कुठून आणणार?

बायकांचंही तसंच. हजाराचे दहा गट केले तर गटात शंभर. शंभर जणींवरून काढलेला टक्का आठ-दहा अंकांनी सहज मागेपुढे होऊ शकतो. मेसेजमधले बरेचसे ‘फरक’ त्याहून लहान आहेत.

शिवाय या सर्वेक्षणाच्या अहवालात जात छापली जाते ती मोठ्या गटांत: अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, इतर मागासवर्ग आणि बाकीचे. धर्माचा तक्ता वेगळा. एकेका जातीचा लठ्ठपणा जिल्हावार देणारा तक्ता त्यात नाही. देशात सगळ्या जातींची मोजणी जनगणनेत शेवटची छापली गेली ती १९३१ साली. तेव्हा ज्यांनी हा तक्ता केला त्यांनी तो घरी बसून केला, असं मी स्पष्ट म्हणते.

‘मटण खाणारे लठ्ठ, शाकाहारी सडपातळ’

याच सर्वेक्षणातले दोन खरे आकडे देते. पंजाबात जादा वजनाच्या किंवा लठ्ठ बायका ४०.८ टक्के. तामिळनाडूत ४०.४ टक्के. पंजाबात निम्म्याहून जास्त लोक शाकाहारी आहेत, तामिळनाडूत शाकाहारी शोधून काढावे लागतात. तरी आकडा जवळपास एकच. आणि जिथे जवळपास सगळेच मांसाहारी, त्या मेघालयात हा आकडा ११.५ टक्के, देशात सगळ्यांत कमीपैकी. ताटात मटण आहे की नाही यावरून काहीच ठरत नाही, हे यावरून दिसतं.

आता आपलंच ताट बघा. कोल्हापूरकर रोज मटण खात नाही. रविवार, बुधवार, शुक्रवार हे मटणाचे वार, आणि त्यांतूनही एकादशी, संकष्टी, श्रावण वजा करा. पांढरा रस्सा, तांबडा रस्सा वाटीत किती, आणि त्याच्याबरोबर भात किती, चपात्या किती, हा खरा प्रश्न. मिसळ तर शुद्ध शाकाहारी! तिच्यावरचा कट, खालचं फरसाण, सोबतच्या ब्रेडच्या स्लाइस, ‘आणि रस्सा वाढा’, मग वर गोड चहा. यात मांसाचा तुकडा नाही. उपासाच्या दिवशी तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि शेंगदाण्याचा लाडू, यातही नाही.

साखरेचं गणित मी शिबिरात प्रत्येकाला सांगते. वरून घातलेली साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत ठेवलेली बरी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडच्या चहाच्या एका कपात दोन चमचे, म्हणजे दहा ग्रॅम. पै-पाहुणे, दुकान, ऑफिस धरून पाच चहा झाले की पन्नास. हा चहा सगळ्या समाजांत सारखाच गोड असतो.

‘शेतात राबणाऱ्या समाजांना शिवत नाही’

चारही मुद्द्यांत मला हा सर्वांत घातक वाटतो. बाकीच्या मुद्द्यांनी माणसं दुखावतात, पण या मुद्द्यामुळे माणसं तपासणीलाच येत नाहीत.

मागच्या शिबिरात पन्हाळ्याच्या बाजूच्या एका मावशी आल्या होत्या. भाचीकडे आल्या होत्या, भाचीनं आग्रह करून आणलं. टेप बघितल्याबरोबर मागं सरल्या. म्हणाल्या, “मला काय मोजतीस बाई? आमचा जलम वैरणीचा भारा डोक्यावर घेण्यात गेला. जाडी मानसं हायती ती तुमच्या पेठंत.” आणि भाचीच्या मोबाईलवर हाच मेसेज होता, तो तिनं दाखवला. मावशींचा समाज त्यात ‘शिवत नाही’च्या यादीत.

मी मोजायचं बाजूला ठेवून आधी विचारलं, आता दिवस कसा जातो? वैरण आता मुलगा मोटारसायकलवरनं आणतो. कुट्टी मशीनवर होते. स्वतःचे गुडघे दुखतात म्हणून दोन म्हशी विकल्या. पाणी दारात नळाला येतं. पूर्वी विहिरीवर दिवसाला आठ-दहा खेपा होत. जेवण मात्र भारा उचलणाऱ्या बाईचं राहिलं, दोन्ही वेळचं, भातावर भात. वर टीव्हीसमोर संध्याकाळी शेव-चिवडा, जो पूर्वी घरात दिवाळीलाच असायचा. ही कष्टाची सुटका आहे आणि ती व्हायलाच हवी होती. मावशींनी आयुष्यभर भारा उचलावा असं कोण म्हणेल? पण शरीर ‘मी शेतकरी समाजातला’ म्हणून हिशेब वेगळा मांडत नाही.

हे एकट्या मावशींचं नाही. देशातल्या ग्रामीण बायकांत जादा वजनाचं प्रमाण २०१५-१६ मध्ये १५ टक्के होतं, पुढच्या सर्वेक्षणात १९.७ झालं. शहरात ते आधीच ३३ टक्क्यांच्या आसपास आहे, म्हणजे शहर पुढे आहे हे खरंच. पण खेडं त्याच वाटेवर चालू लागलंय. जगाचंही तेच: १९८५ ते २०१७ या काळात जगातलं सरासरी वजन उंचीच्या मानानं जेवढं वाढलं, त्यातली निम्म्याहून जास्त वाढ खेड्यांतून आली, असं २०१९ साली ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या मोठ्या अभ्यासात दिसलं.

मग समाजासमाजात फरक दिसतच नाही का? दिसतो, आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण तो कशामुळे दिसतो ते बघा. याच सर्वेक्षणात सर्वांत गरीब घरांतल्या बायकांपेक्षा सर्वांत सधन घरांत जादा वजनाचं प्रमाण तिपटीहून जास्त आहे. वयाबरोबर ते वाढतं. शहरात ते वाढतं. ज्या समाजाची जास्त घरं शहरात, दुकानात, नोकरीत, त्याचा आकडा आपोआप वर जाणार. आपली भाषा हे आधीपासून सांगते: पोट सुटलेल्या माणसाला आपण ‘खात्यापित्या घरचा’ म्हणतो, अमक्या जातीचा म्हणत नाही.

आमच्या ओळखीत दोन सख्खे भाऊ आहेत. थोरला गुऱ्हाळावर गुळव्या होता, काहिलीजवळ उभं राहून उकळता रस ढवळणारा, अंगावर मांसाचा फाजील कण नाही. धाकटा एका सोसायटीत क्लार्क, पस्तिशीतच पट्ट्याला नवं भोक पाडलेला. आई एक, रक्त एक, समाज एक. पाच वर्षांपूर्वी गुऱ्हाळ बंद झालं, थोरला शिरोलीला एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन झाला, बारा तास खुर्चीत. आज दोघांच्या शर्टाचा नंबर एक आहे.

‘वजन म्हणजे ताकद’

मेहनत चालू असलेल्या पैलवानाच्या बाबतीत यात तथ्य आहे. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागून येणारा आकडा, मांस आणि चरबी यांत फरक करत नाही. गंगावेस तालमीत पहाटे जोर-बैठका मारणाऱ्या शंभर किलोच्या पोराला मी लठ्ठ म्हणणार नाही. पण मेसेज बोलतोय समाजाबद्दल, आणि समाजातले किती जण आज आखाड्यात उतरतात? ज्यांची कुस्ती सुटली पण खुराक सुटला नाही, त्यांचं काय? म्हशीच्या दुधाच्या एका मोठ्या ग्लासात पंधरा ग्रॅमच्या पुढे स्निग्धांश असतो. हजार बैठका मारणाऱ्याला तो लागतो, काउंटरवर बसणाऱ्याला नाही. आणि ताकदीला वजनच लागतं असंही नाही. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीत ऑलिंपिक पदक जिंकले ते ५७ किलोच्या गटात.

इथेच आणखी एक गोष्ट. मेसेजमध्ये ‘तीसच्या आत बीएमआय असेल तर निर्धास्त राहा’ असंही वाक्य आहे. ते आपल्याला लागू नाही. आपल्याकडे कमी वजनातच मधुमेह गाठतो, म्हणून भारतीय डॉक्टरांनी २३ च्या पुढे जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा अशी रेषा आखली आहे. पाच फुटाच्या बाईला ५८ किलो वजन झालं की ती २५ ला पोचते. अठ्ठावन्न! आपल्याकडे अशा बाईला ‘अंगानं बरी आहे’ म्हणतात.

पुण्यातल्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार सुंदर दाखवलंय. २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय अगदी एकच, २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२ टक्के. दिसायला दोघेही सडपातळ. त्यांच्याच अभ्यासात पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची, पण आपल्या बाळांत वजनाच्या मानानं चरबी जास्त. आईच्या पोटातच याची सुरुवात होते. वरून हाडं दिसणारा माणूस आतून मेदानं भरलेला असू शकतो, आणि ही गोष्ट मेसेजमधल्या दहाही समाजांना लागू आहे.

म्हणूनच वरच्या सरकारी सर्वेक्षणात पहिल्यांदा कंबर आणि नितंबाचंही माप घेतलं गेलं. बीएमआयनं देशात २४ टक्के बायका जादा वजनाच्या ठरतात, पण कंबरेच्या मापाला नितंबाच्या मापानं भागून बघितलं तर ५७ टक्के धोक्याच्या रेषेपलीकडे आहेत. पुरुषांत हेच २२.९ आणि ४८.

‘घरात बसून खातात’

यावर जास्त लिहायची इच्छा नाही, राग येतो. पाचला उठून पाणी भरणं, डबे, पोरांची शाळा, सासू-सासऱ्यांचं पथ्य, रात्री सगळ्यांनंतर जेवण आणि उरलेलं टाकवत नाही म्हणून स्वतःच्या पोटात. याला बसून खाणं म्हणतात? बाळंतपणानंतर डिंकाचे लाडू आग्रहानं भरवणारे आपणच, आणि तीच बाई रंकाळ्यावर एकटी चालायला निघाली की ‘हिला काय काम नाही’ म्हणणारेही आपणच. आमच्या गल्लीतल्या नववीतल्या एका मुलीला वर्गात हाच मेसेज दाखवून ‘तुमच्यात जाडच असतात’ म्हणून चिडवलं. तिनं आठ दिवस डबा खाल्ला नाही. तिच्या आईनं मला सांगितलं तेव्हा मी हे लिहायला बसले.

राहिल्या मावशी. त्या टेपला तयार होईनात, तेव्हा मी सुतळी काढली. डोक्यापासून टाचेपर्यंत त्यांची उंची सुतळीनं मापली, तेवढी तोडली, मधोमध दुमडली. म्हटलं, ही दुमडलेली सुतळी कंबरेभोवती पुरते का ते तुम्हीच बघा. शेवटची बरगडी आणि कंबरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून. कंबर उंचीच्या निम्म्याच्या आत असावी, एवढंच बघायचं. त्यांनी पदर खोचला, सुतळी गुंडाळली. दोन टोकांत चार बोटांचं अंतर राहिलं. मग टेपही लावू दिला: ८४ सेंटीमीटर, बायकांसाठी रेषा ८० ची आहे. बोटातून रक्त घेऊ दिलं, साखर वाढलेली निघाली, दवाखान्याची चिठ्ठी घेतली.

जाताना सुतळीचा तुकडा कनवटीला लावत म्हणाल्या, “ही न्हेते. आमच्या गल्लीतल्या बायकास्नी दावते.” मी म्हटलं, मावशी, ही तुमच्या उंचीची, दुसऱ्या कुणाला चालणार नाही. आणि सुतळीचा गुंडाच त्यांच्या पिशवीत टाकला.