गाँग ली आणि कानचा पुरस्कार: खुलासा

'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन' या चित्रपटासाठी चिनी अभिनेत्री गाँग ली यांना फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला, असा मजकूर फिरतो आहे. तो चुकीचा आहे. १९९३ साली कानचा तो पुरस्कार 'द पियानो'मधल्या हॉली हंटर यांना मिळाला. दिग्दर्शक चेन कायगे यांच्या 'फेअरवेल माय कॉन्क्युबाइन'ला मिळाला तो पाम द'ऑर, म्हणजे सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार, तोही 'द पियानो'सोबत विभागून. गोंधळ बहुधा तिथूनच झाला असावा.

गाँग ली यांचा अभिनयाचा मोठा सन्मान त्याच्या आदल्या वर्षीचा, व्हेनिस चित्रपट महोत्सवातला. दिग्दर्शक झांग यिमू यांच्या 'द स्टोरी ऑफ चिऊ जू'मध्ये त्या गरोदर शेतकरी बाई आहेत. गावप्रमुखाने नवऱ्याला लाथ मारली, त्याने चूक कबूल करावी एवढंच तिचं मागणं, आणि त्यासाठी ती एकेका कचेरीच्या पायऱ्या झिजवते. बराच भाग छुप्या कॅमेऱ्याने, खऱ्या गर्दीत चित्रित झाला; त्या गर्दीत ही नटी वेगळी ओळखू येत नाही. माझ्या मते त्यांचं सर्वांत अवघड काम हेच, आणि चुकीच्या पोस्टमुळे नेमकं तेच झाकलं जातं. कानमध्ये सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा मान मिळवणाऱ्या चिनी अभिनेत्री मॅगी च्युंग, २००४ साली 'क्लीन'साठी.