निपाणीच्या ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. शिंकताना-खोकताना लघवी सुटणं आणि त्यासाठी लघवीच्या वाटेभोवतीचे स्नायू आवळायचा व्यायाम, यावर मी लिहिलं होतं, त्यातलं ‘व्यायामानं बरं होतंच, न करणं हा आपला आळस’ हे वाक्य तुम्हाला लागलं. ‘आठ महिने न चुकता केला, काडीचा फरक नाही. दिवसभर तंबाखूच्या वखारीत राबणारी बाई आळशी कशी?’ हा तुमचा सवाल. चूक माझीच. ‘आळस’ काढलाय, ‘होतंच’मधला ‘च’सुद्धा.

मी नुसत्या स्नायूंवर लिहिलं, नसेवर एक ओळ नाही. लघवीच्या वाटेभोवतीचं कडं आवळायचा हुकूम पुडेंडल नावाच्या नसेतून जातो. ती कण्याच्या खालच्या टोकाशी, त्रिकास्थीतून निघते. बाळाचं डोकं खाली उतरताना ती ताणली जाते. कळा देणं लांबलं, बाळ मोठं असलं किंवा चिमटा लावावा लागला तर जास्तच. पुष्कळ जणींची नस काही महिन्यांत सावरते, काहींची अर्धवट. बोअरची मोटर धड आहे, पण वायर उंदरानं कुरतडलीय, असं समजा. बटण कितीही दाबलं तरी पाणी जोरात चढत नाही.

थोरल्याच्या वेळी मलाही चिमटा लागला होता. खानापूरहून बेळगावची बस धरायची म्हणजे मी सकाळपासून पाणी तोडायची, पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या. (निव्वळ वेडेपणा, घट्ट लघवी मूत्राशयाला आणखी डिवचते.) दवाखान्यात कागद कन्नडात, डॉक्टर बोलणार इंग्रजीत, आणि माझ्या तोंडून ‘लघवी सुटते’ हे मराठीतही निघेना. निघालं तेव्हा उत्तर मिळालं, ‘व्यायाम करत नसाल.’ तेच मी तुम्हाला ऐकवलं. पुढं एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी हातमोजा घालून, बोट आत ठेवून ‘आवळा’ म्हटलं, तेव्हा कळलं की मी आवळत नव्हते, खाली ढकलत होते. दोन वर्षं उलटा व्यायाम!

म्हणूनच ‘हे सगळं थोतांड’ हे तुमचं म्हणणं मात्र मी मान्य करणार नाही. अर्नोल्ड केगेल या अमेरिकन स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९४८ साली हा व्यायाम मांडला, तो आत दाब मोजणारं साधन ठेवून, बाईला स्वतःचा जोर काट्यावर दिसेल असा. आपल्याकडं साधन गळालं, ‘दिवसातून तीनदा आवळा’ एवढं उरलं. आधी कुणाकडून तरी तपासून घ्या. आवळलं जातच नसेल तर सौम्य विजेचे झटके देऊन स्नायू जागे करतात, मग किमान तीन महिने देखरेखीखाली व्यायाम. तरीही नाही जमलं तर शस्त्रक्रिया असते. मात्र अचानक लघवीवरचा ताबा गेला, मांड्यांमध्ये बधिरपणा आला, पायांतली ताकद गेली, तर त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा.

आणि एक कळवा: तुमची लघवी खोकल्यावर सुटते, की संडासापर्यंत पोचायच्या आत? दुसरं असेल तर उपाय वेगळे, त्यावर पुढं लिहिते.