खिशातला पास

संध्याकाळी मालिका लागली की टीव्हीसमोरून कुणी आडवं गेलेलं आईला खपत नाही. परवा ठाण्यात नौपाड्याला तिच्याकडे गेलो, तर मालिकेतली आई आपलं दुखणं मुलांपासून लपवत होती. मागे बासरी. पाचच मिनिटांत त्याच घरातल्या थोरल्यानं वडिलांची कोऱ्या कागदावर सही घेतली. आता ढोल, आणि तीनतीनदा त्याचा चेहरा. आईबापांनी लपवलं की त्याग, पोरांनी लपवलं की कपट. हा हिशेब मला कधीच पटलेला नाही.

आधी त्या कागदाचं बोलू. अहो, घर मुलाच्या नावे करून देणारं बक्षीसपत्र असं होत नाही. दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जावं लागतं, दोन साक्षीदार लागतात, फोटो निघतो, अंगठा द्यावा लागतो. राहतं घर मुलाच्या नावे करायला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर बाकीचे आकार. सगळं कायदेशीर, दिवसाढवळ्या. खरी फसवणूक त्यानंतर सुरू होते, तीही गोडीगुलाबीत. आमच्या ओळखीतल्या एका काकांची इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाला बिल्डरकडे खेटे घालताय? माझ्या नावावर करा, मी बघतो." काकांनी हसत सह्या केल्या, वर पेढे वाटले. नवीन घरात मुलाचं वर्क फ्रॉम होमचं टेबल बसलं, काकांची कॉट काही बसली नाही. ते "सध्या" गावी असतात. चार वर्षं झाली या सध्याला.

२००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात कलम २३ आहे. सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि घेणाऱ्यानं सांभाळलं नाही, तर तो व्यवहार फसवणुकीनं झाला असं धरून न्यायाधिकरण तो रद्द करू शकतं. पण मुळात अट होती हे दिसायला हवं ना. पोटच्या पोराला अट कोण घालतो? काकांनीही घातली नव्हती. मालिकावाल्यांना यात नाट्य दिसत नाही, कारण कुणी कुणाच्या कानाखाली वाजवत नाही.

आता माझं. २०१९ मध्ये माझी नोकरी गेली आणि अडीच महिने मी घरी बोललो नाही. रोज सकाळी डबा घेऊन निघायचो. स्टेशनच्या दिशेनं चालत तलावपाळीला वळायचो. ऊन चढलं की मराठी ग्रंथसंग्रहालयात. १८९३ पासूनची संस्था आहे ती, माझ्यासारखे किती जण तिनं पोसले असतील कुणास ठाऊक. पेपरातल्या छोट्या जाहिरातीसुद्धा मला पाठ झाल्या होत्या. डबा तलावाच्या कट्ट्यावर खायचो, संध्याकाळी घरी येऊन "आज गाड्या लेट होत्या" म्हणायचो. नवी नोकरी लागल्यावर पेढे घेऊन आलो आणि "कंपनी बदलली" एवढंच सांगितलं. स्वतःच्या अभिनयावर मी बेहद्द खूश.

गेल्या दिवाळीत माळा आवरताना आई सहज बोलून गेली, "तेव्हा तुझ्या पँटीच्या खिशात पास मिळाला होता. संपून तीन आठवडे झालेले."

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलणार? दुसऱ्या दिवशीपासून एक पोळी जास्त द्यायला लागले. दिवसभर बाहेर बसायचास."

खरंच, त्या दिवसांत डब्यात चार पोळ्या असायच्या. आईचा अंदाज चुकतोय असं समजून मी चौथी कट्ट्यावरच्या कुत्र्याला घालायचो.

यात कोणी कुणाला फसवलं? बासरी कुणासाठी, ढोल कुणासाठी? बाबांना माहीत होतं का, हे विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही. ते त्या काळात मला रोज "ऑफिस काय म्हणतंय?" विचारायचे, आणि आता आठवतं, उत्तर यायच्या आत पेपर वर धरायचे.

परवा मालिकेतल्या त्या आईसाठी आमच्या आईनं दोनदा डोळे पुसले. ब्रेकमध्ये मी विचारलं, "बीपीची गोळी घेतलीस?"

"मघाशीच," ती टीव्हीवरची नजर न काढता म्हणाली.

पट्टी फ्रिजवर होती. आदल्या दिवशी मी मोजल्या होत्या तेवढ्याच.