निसर्गावरची पुस्तकं सुचवा म्हणताय, तर घ्या

पाऊस सुरू झाला की दरवर्षी मेसेज यायला लागतात, "निसर्गावरचं काहीतरी बरं वाचायला सांग ना". यंदा त्यात माझ्या भाच्याची भर पडली. बारावी झालीय, हातात नवा कॅमेरा आलाय, रविवार उजाडला की इथे गोव्यात मोलेच्या रानात नाहीतर चोर्ला घाटात पळतो, आणि त्याला म्हणे "मावशी, वाघाची पुस्तकं सांग". प्रत्येकाला वेगवेगळं टाइप करत बसण्यापेक्षा इथेच एकदा सगळं लिहून टाकते. लांबलचक होणार आहे, नंतर कुरकुर करू नका.

ही टॉप टेन वगैरे लिस्ट नाही. तसल्या लिस्टा गूगलवर ढिगाने पडल्यात आणि सगळ्यांत तीच ती पुस्तकं. माझी चाळणी एकच आहे, लिहिणारा माणूस त्या जागी किती टिकला? वीकेंडला गेला, जीपमधून वाघ बघितला, संध्याकाळी रिसॉर्टच्या व्हरांड्यात बसून 'अरण्याची गूढ साद' असलं काहीतरी लिहिलं, हे मला दोन पानांच्या पुढे वाचवत नाही. उलट एकाच तळ्याकाठी, एकाच रानात वर्षंच्या वर्षं काढलेली माणसं लिहायला लागली की विशेषणं कमी होतात आणि माहिती वाढते, आणि गंमत म्हणजे वाचायला तीच जास्त मजा येते.

तर पहिलं, व्यंकटेश माडगूळकरांचं 'सत्तांतर'. छोटंसं पुस्तक आहे, एका दुपारी संपेल. वानरांच्या टोळ्यांची गोष्ट. (नाव बघून आमच्या ऑफिसात एकाने विचारलं, "आमच्या आमदारांवर आहे काय?" गोव्यात राहून हा प्रश्न पडणारच म्हणा.) १९८३ साली याला साहित्य अकादमी मिळालं. टोळीचा म्होरक्या म्हातारा होतो, बाहेरचे नर टपलेले असतात, मारामाऱ्या, टोळी कोणाची ते ठरतं. आता यात काय कादंबरी असं वाटेल, पण मागचं सायन्स माहीत असलं तर अंगावर काटा येतो. वानरांच्या टोळीवर नवा नर आला की तो कित्येकदा अंगावर पिणारी पिल्लं मारून टाकतो. ही गोष्ट शास्त्रज्ञांनी पहिल्यांदा नीट नोंदवली ती कुठे, तर धारवाडच्या रानात, म्हणजे आपल्या अनमोड घाटाच्या पलीकडे, १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला, युकिमारू सुगियामा नावाच्या जपानी संशोधकाने. तेव्हा पुष्कळांनी विश्वासच ठेवला नाही, प्राणी आपल्याच जातीची पिल्लं मारतील कशाला म्हणून. पुढे त्याचं कारण असं मांडलं गेलं की पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते, आणि नव्या नराकडे वेळ थोडा असतो कारण उद्या त्यालाही कोणीतरी हाकलणारच आहे. माडगूळकर हे असलं काही समजावत बसत नाहीत, 'बघा, माणसांतही असंच चालतं' असं कोपराने ढोसत नाहीत. नुसतं दाखवतात. पुस्तकाला नाव दिलं तेवढाच काय तो त्यांचा शेरा. निसर्गावर लिहिणाऱ्या आपल्या लोकांनी एवढा एक संयम शिकला तरी निम्मी पुस्तकं सुधारतील.

मारुती चितमपल्ली तर तुम्ही म्हणाल सगळ्यांना माहीत आहेत. नाव माहीत आहे, वाचलंय किती जणांनी? सोलापूरचा माणूस, जन्म १९३२चा, सगळी नोकरी वनखात्यात, कर्नाळा, नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट असं फिरत. २०२५ला पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी जूनमध्ये गेले. त्यांचं आत्मचरित्र 'चकवाचांदण' जाडजूड आहे, त्याने सुरुवात करू नका, घाबराल. 'रानवाटा' किंवा 'पक्षी जाय दिगंतरा' घ्या. मला त्यांच्यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे साहेब असूनही हा माणूस शिकला कोणाकडून, तर नवेगावच्या माधवराव पाटलांसारख्या गावच्या जाणत्यांकडून आणि ज्यांची नावं कुठल्याच खात्याच्या कागदावर येत नाहीत अशा आदिवासींकडून. मासे धरणारे ढीवर लोक पक्ष्यांना काय म्हणतात, गोंड काय म्हणतात, हे सगळं टिपून ठेवलं म्हणून 'पक्षिकोश' झाला. एक मात्र सांगते, आणि यावर त्यांचे भक्त माझ्या अंगावर येतील तर येवोत. त्यांच्या लिखाणात डोळ्याने बघितलेलं आणि कोणीतरी सांगितलेलं यांची सरमिसळ असते. अमुक पक्ष्याने घरटं उंचावर बांधलं तर पाऊस असा पडणार, अमुक मुळीने तमुक होतं, असलं वाचताना मजा घ्या पण लगेच व्हॉट्सॅपवर 'निसर्गाचे संकेत' म्हणून फॉरवर्ड मारू नका. लोकसमज म्हणून ते मोलाचं आहेच, फक्त ते निरीक्षण नाही.

किरण पुरंदरेंचं 'सखा नागझिरा' याच वाटेवरचं. एक पक्षीवेडा शहरी माणूस वर्षाहून जास्त काळ जंगलात जाऊन राहतो. भाच्या, तुझ्यासाठी हे. फोटो काढायच्या आधी बसायचं कसं ते कळेल.

आता दुर्गाबाई भागवत. 'ऋतुचक्र' १९५६चं आहे आणि त्यात वाघ नाही, सिंह नाही, जंगलसुद्धा फारसं नाही. चैत्रापासून फाल्गुनापर्यंत महिन्याला एक लेख, झाडं, फुलं, ढग, पाखरं, बाजारात आलेली भाजी. मुंबईत राहून लिहिलंय हे विसरू नका, कारण "आमच्याकडे फ्लॅटमधून काय दिसणार" म्हणणारे पर्वरी-ताळगांवला बरेच आहेत. हे पुस्तक सलग वाचायचं नाही असं माझं ठाम मत आहे. आषाढातला लेख आषाढात, कार्तिकातला कार्तिकात. मी तसंच वाचते आणि दर वेळी त्यांच्याशी भांडायला मिळतं, कारण आपल्याकडे सगळं थोडं पुढेमागे असतं आणि पाऊस तर कितीतरी जास्त. भाषा काही ठिकाणी जड आहे, संस्कृत कविता मध्येच येतात, तिथे अडकलात तर सरळ पुढे जा, दुर्गाबाई काही रागवायला येत नाहीत.

झाडांसाठी शरदिनी डहाणूकर. पेशाने डॉक्टर, मुंबईच्या केईएममध्ये औषधशास्त्र शिकवायच्या, आणि लिहायच्या झाडाफुलांवर. 'वृक्षगान' आणि 'फुलवा' ही दोन्ही घरात असावीत. डॉक्टर असल्यामुळे आयुर्वेदावर प्रेम आहे पण आंधळं नाही, हे फार बरं वाटतं.

आणि हो, ही दोन पुस्तकं चतुर्थीच्या आधी वाचा. कारण माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-पानं बांधून टांगतात ती चौकट! आमच्या सावई वेऱ्याच्या घरी माटोळीचं सामान काढायला आत्ये अजून स्वतः उभी राहते. कांगलां, घागऱ्यो, आंबाडे, तोरिंगां, सुपारीचा कातरो, एकेक हातात घेऊन ती सांगते, हे व्हाळाच्या (ओढ्याच्या) काठचं, हे डोंगरावरचं, हे कच्चं आणलंस, दोन दिवसांत काळं पडेल, हे घरात आणून भुरग्यांच्या (पोरांच्या) हाताशी ठेवू नको विषारी आहे. शाळेचं तोंड तिने फार पाहिलेलं नाही. कला आणि संस्कृती खातं माटोळीच्या स्पर्धा घेतं तिथे लोक शेकड्यांनी रानटी फळं आणतात ते तुम्ही पाहिलं असेलच. गेल्या वर्षी म्हापशाच्या बाजारात सगळं रेडिमेड बांधलेलं घेऊन आलेले एक गृहस्थ गणपतीसमोर उभं राहून मलाच विचारत होते यातलं माट्टीचं फळ कुठलं. माट्टी आपला गोव्याचा राज्यवृक्ष आहे हो, महाराष्ट्रात ऐन म्हणतात तो.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर ज्याच्याबद्दल कोणी बोलत नाही ते सांगते. पणजीत चर्चसमोर जी बाग आहे, गार्सिया द ऑर्ताच्या नावाची, तिथे बसून सगळ्यांनी चणे खाल्लेत. हा गार्सिया पोर्तुगीज डॉक्टर, १५३४ला गोव्यात आला तो इथेच राहिला, इथेच मेला. १५६३च्या एप्रिलमध्ये त्याने इथल्या औषधी वनस्पती आणि मसाल्यांवर पुस्तक छापलं, तेही गोव्यातच, आणि छपाईच्या चुका इतक्या की मागे शुद्धिपत्रच कित्येक पानांचं जोडावं लागलं. सगळं पुस्तक संवादात आहे. रुआनो नावाचा एक नवखा पाहुणा प्रश्न विचारतो, ऑर्ता उत्तरं देतो, मध्येच मोलकरीण काहीतरी आणून दाखवते, पेशंटचा निरोप येतो, जेवण येतं, आंबे येतात. मुंबई बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होतं, तिथल्या त्याच्या एका आंब्याला वर्षातून दोनदा फळ यायचं याची तो ऐट मारतो. मला तो आवडतो कारण युरोपातले जुने ग्रंथ एक सांगतात आणि इथे बाजारात वेगळंच दिसतं तेव्हा तो बिनधास्त बाजाराची बाजू घेतो. इथल्या वैद्यांकडून काय कळलं तेही सांगतो, अधूनमधून त्यांना नाकं मुरडतो, पण सांगतो. मूळचा ज्यू घराण्यातला, म्हणून मेल्यानंतर १५८०मध्ये इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याची हाडं उकरून जाळली. मार्कहॅमचं १९१३चं इंग्लिश भाषांतर इंटरनेटवर फुकट मिळतं. सगळं वाचू नका, आंबा, नारळ आणि हिंगाचं प्रकरण वाचा.

ज्यांची मुलं दहावी-बारावीला आहेत त्यांच्यासाठी राहुल अल्वारिसचं 'फ्री फ्रॉम स्कूल'. इंग्लिश आहे पण अगदी सोपं, कारण लिहिलं तेव्हा तो स्वतःच पोरगा होता. गोव्यातल्या पर्रे गावचा मुलगा, दहावीनंतर आईबापांनी एक वर्ष शाळा-कॉलेज नाही म्हणून सुट्टी दिली, तर हा माशांच्या दुकानात बसला, पुण्याच्या सर्पोद्यानात साप हाताळायला शिकला, गांडुळं शिकला, चेन्नईजवळच्या मगरींच्या केंद्रात जाऊन राहिला. म्हापशाच्या अदर इंडिया प्रेसने छापलंय. मी हे पुस्तक ओळखीच्या एका घरी दिलं तर मुलाने दोन दिवसांत संपवलं आणि आईने ते कपाटाच्या वर ठेवून दिलं, नको ते विचार डोक्यात येतील म्हणून!

वाघ. भाच्या, वाच की कॉर्बेट, कोण नको म्हणतंय, उत्तम लिहितो, मराठीत भाषांतरंही आहेत. पण कुमाऊँच्या वाघांची खडान्‌खडा माहिती असलेल्या पोराला आपल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यात वाघ आहेत हेच माहीत नाही, हे मला खटकतं. जानेवारी २०२०मध्ये गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे विष घालून मारले. गुरं मारली जात होती, लोक चिडलेले होते, भरपाईची वाट बघून कंटाळले होते. जुलै २०२३मध्ये हायकोर्टाने म्हादई आणि शेजारच्या अभयारण्यांचा व्याघ्र प्रकल्प तीन महिन्यांत जाहीर करा असं सांगितलं, मग प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. हे सगळं कुठल्या गाजलेल्या वाघाच्या पुस्तकात नाही मिळणार. त्यासाठी केरीच्या राजेंद्र केरकरांचे पेपरातले लेख वाच, मराठीतही असतात, सत्तरीचा व्हाळ न्‌ व्हाळ त्या माणसाच्या पायाखालचा आहे.

माधव गाडगीळांचं 'सह्याचला आणि मी' ही माझी शेवटची मोठी शिफारस. पश्चिम घाटाच्या अहवालावरून त्यांना शिव्या देणारे आणि डोक्यावर घेणारे, दोघांनीही ते बहुधा वाचलेलं नसतं. माणूस स्वतःवर खूश आहे हे पानोपानी जाणवतं, असू दे, पण देवराया, मासेमारी, बांबू, मुंग्या कशाबद्दलही बोलताना गावातल्या माणसाला आधी विचारतो. त्या अहवालाच्याही आधीची, १९८७-८८ची पश्चिम घाट बचाव पदयात्रा कोणाला आठवते का? एक तुकडी उत्तरेतून, एक कन्याकुमारीहून निघाली आणि दोन्ही येऊन भेटल्या त्या आपल्या फोंड्याजवळ, रामनाथीला. माझ्या बाबांच्या तोंडून तिचं वर्णन ऐकत मोठी झाले. आणि मायनिंगने गावाचं काय होतं ते कळायला पुंडलीक नायकांची 'अच्छेव' वाचा, कोकणी आहे, १९७७ची. मराठी-कोकणी वादात पडायचं असेल तर दुसरी पोस्ट शोधा, इथे पुस्तकांबद्दल बोलतोय.

खरी तक्रार वेगळीच आहे. एका नामांकित दुकानात मी मराठीत निसर्ग म्हणून विचारलं तर त्या मुलाने मला मन:शांतीच्या शेल्फपाशी नेऊन उभं केलं. म्हणजे झाडं, पाखरं ही आपल्याला बरं वाटावं म्हणून आहेत, एवढीच त्यांची नोकरी. आणि दुसरं म्हणजे चितमपल्लींमुळे नवेगावबांधला जसं पुस्तक मिळालं तसं एकाच कुळागरावर (पोफळी-माडांच्या बागेवर), किंवा एका खाजनावर (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीवर), त्याची मानस (बांधातला पाण्याचा दरवाजा), त्यातली भरती-ओहोटी, कोळंबी, बांध फुटल्यावरची रात्र, असं कोणी मांड ठोकून लिहिलेलं मराठी पुस्तक माझ्या तरी वाचनात आलेलं नाही. कोणाला माहीत असेल तर कमेंटमध्ये नाव टाका, मी धावत जाऊन घेईन. लिहू शकणारे दोघेतिघे माझ्या फ्रेंडलिस्टमध्येच आहेत, ते गप्प बसून लाइक देतात.

यातली बरीचशी पुस्तकं पणजीत पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत मिळतील, मराठी विभागात विचारा. 'सत्तांतर' आणि 'फुलवा' माझ्याकडून वाचायला न्या, फोंड्यात येऊन न्यायची आणि चतुर्थीच्या आत परत करायची. 'ऋतुचक्र' मिळणार नाही, ते श्रावणापर्यंत मलाच लागतंय.