लोभ नव्हे, भीड: एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

परदेशात फिरायला गेलेल्या पर्यटकांच्या गळ्यात टाइमशेअरचे (रिसॉर्टमध्ये दरवर्षी ठरावीक आठवडे राहण्याचा विकत घेतलेला हक्क) आणि हॉलिडे क्लबचे (सुट्टीच्या मुक्कामावर सवलती देणारे सदस्यत्व) करार कसे मारले जातात, यावरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली आणि दोन दिवस थांबून हे उत्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे. युरोपात १४ दिवसांत करार रद्द करता येतो, त्यामुळे तक्रारीला जागाच नाही. मेक्सिकोतील मुदत मी चुकीची दिली. लाखो कुटुंबे समाधानाने टाइमशेअर वापरतात, त्यांना मी फसवणुकीच्या पंक्तीला बसवले. आणि गुन्हेगारी टोळ्यांचा उल्लेख मी केवळ खळबळ उडवण्यासाठी केला. या सगळ्याच्या मध्यभागी आपले हे वाक्य आहे: "शिकल्यासवरलेल्या माणसांनी फुकटच्या बाटलीसाठी जाऊन बसायचे, सही करायची आणि मग टाहो फोडायचा, याला फसवणूक म्हणत नाहीत, लोभ म्हणतात."

मेक्सिकोबद्दल आपले म्हणणे बरोबर आहे. तेथे सही केल्यापासून कामकाजाच्या पाच दिवसांत करार रद्द करता येतो आणि मी नुसते ‘पाच दिवस’ असे लिहिले होते. मध्ये शनिवार-रविवार आला तर या फरकाला फार महत्त्व येते, म्हणून मी ती दुरुस्ती करत आहे आणि चूक दाखवल्याबद्दल आपली आभारी आहे. मात्र ती दाखवताना "एवढा साधा गृहपाठही न करता लेखणी उचलायची" असे लिहिण्याची काही गरज नव्हती. एखाद्याची चूक सांगणे आणि त्याला चारचौघांत खाली पाहायला लावणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि आपल्याला तो फरक कळत असावा असे आपल्या उर्वरित भाषेवरून मला वाटत होते.

आता त्या वाक्याकडे येते. माझ्या लेखात टाहो कोठेही नव्हता. मी कोणाकडे पैसे परत मागितले नव्हते, कोणाची सहानुभूतीही मागितली नव्हती. हे करार विकण्यासाठी पर्यटकांना ज्या बंद दालनात नेतात, तेथे काय घडते, एवढेच मी सांगितले होते. स्वतःचा अनुभव मी त्यात मुद्दाम लिहिला नव्हता. आता आपण ‘लोभ’ हा शब्द वापरलाच आहे, तर तो अनुभवही सांगते, कारण तो सांगितल्याशिवाय आपल्याला उत्तर देता येणार नाही.

२००९ च्या एप्रिलमध्ये मी, माझे पती आणि आमची सहा वर्षांची मुलगी स्पेनच्या तेनेरिफे बेटावर गेलो होतो. तेव्हा आम्ही नोकरीनिमित्त ब्रिटनमध्ये राहत होतो. प्लाया दे लास आमेरिकासच्या समुद्रकाठच्या रस्त्यावर एका तरुणाने आमच्या दोघांच्या हातांत एकेक स्क्रॅच कार्ड ठेवले. माझ्या कार्डात टी-शर्ट निघाला आणि पतींच्या कार्डात मोठे बक्षीस. ही कार्डे आधीच ठरवून दिलेली असतात, हे मला फार नंतर कळले. आम्ही बक्षीस नको म्हणून पुढे निघालो. तेव्हा तो तरुण आमच्या मागे आला आणि म्हणाला, "तुमच्यासाठी नको, माझ्यासाठी या. तुम्ही दोघे आलात तरच मला आजचे पैसे मिळतात." हे मात्र खरे होते. या धंद्यात रस्त्यावरच्या मुलाला पगार नसतो. पती-पत्नी दोघेही दालनापर्यंत पोहोचले, तरच त्याला ठरलेली रक्कम मिळते. उन्हात उभ्या असलेल्या त्या पोराकडे पाहून आम्ही त्यांच्या टॅक्सीत बसलो. भीड भिकेची बहीण ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण तिचा अर्थ मला त्या दिवशी कळला. महोदय, दालनात येणाऱ्यांना भेट म्हणून देतात त्या बाटलीची आम्हाला आठवणही नव्हती.

दीड तास म्हणून सांगितले होते. तेथे पाच तास गेले. रिसॉर्ट शहरापासून दूर होते आणि परत जाण्यासाठी त्यांच्याच टॅक्सीची वाट पाहावी लागणार होती. मुलीला खेळघरात नेले गेले. सुरुवातीला एका हसतमुख माणसाने आम्ही सुट्टीवर वर्षाला किती खर्च करतो, हे विचारले आणि तो आकडा आमच्यासमोर २० वर्षांनी गुणला. मूळ आकडा आमचाच असल्यामुळे गुणाकारावर वाद घालता येत नव्हता. मग पहिली किंमत आली. ती आम्ही नाकारल्यावर त्याचा वरिष्ठ आला आणि किंमत जवळजवळ निम्मी झाली, मात्र केवळ त्या दिवसापुरती. शेजारच्या टेबलावर कोणी सही केली की टाळ्या होत. आम्ही दोघे मराठीत बोलू लागलो की तो माणूस हसून म्हणे, "आता तुम्ही माझ्यापासून काही तरी लपवता आहात," आणि आम्ही ओशाळून पुन्हा इंग्रजीत येत असू. नवरा-बायकोने आपसांत दोन वाक्ये बोलणेही त्या टेबलावर असभ्य ठरत होते. माझ्या आठवणीत या सगळ्यापेक्षा हीच गोष्ट जास्त सलते.

आपण शिक्षणाचा उल्लेख केला आहे, म्हणून सांगते की तोपर्यंत मी १२ वर्षे लेखापरीक्षण केले होते. कागद न वाचता सही करू नका, हे इतरांना सांगणे हाच माझा व्यवसाय होता. कराराची प्रत वाचण्यासाठी हॉटेलवर नेता येईल का, असे मी विचारलेही होते. नेता येईल, पण मग ही किंमत राहणार नाही, असे उत्तर मिळाले. मुलगी खेळघरातून रडत आली, ती भुकेली होती, आणि पाच तास आमच्याशी गोड बोललेल्या माणसाला ‘नाही’ म्हणणे आम्हा दोघांनाही जमेना. मी सही केली. आगाऊ रक्कम क्रेडिट कार्डावरून गेली. करार एका कंपनीशी आणि पैसे स्वीकारणारी कंपनी दुसरी, हे पुढे पैसे परत मागायची वेळ आली तेव्हा लक्षात आले आणि त्याच फटीतून ती रक्कम कायमची गेली. यात कसला लोभ दिसतो, ते आपणच सांगावे.

आपण म्हणाल, १४ दिवस होते ना? नव्हते. तेव्हा युरोपात युरोपीय संघाचा १९९४ चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात आणायचा नियम, लागू होता. त्यात माघारीची मुदत १० दिवसांची होती आणि तो किमान तीन वर्षांच्या टाइमशेअर करारांनाच लागू होता. आमचा करार ३५ महिन्यांचा होता. हा आकडा योगायोगाने आलेला नव्हता. कायद्याच्या कक्षेबाहेर एक महिना राहण्यासाठीच असे करार लिहिले जात. ज्या १४ दिवसांचा आपण एवढ्या आत्मविश्वासाने उल्लेख करता, ते जानेवारी २००९ मध्ये संमत झालेल्या नव्या निर्देशाने आणले. सदस्य देशांनी तो २३ फेब्रुवारी २०११ पासून लागू करायचा होता. त्यात एका वर्षाहून अधिक मुदतीचे करार आले, दीर्घ मुदतीचे हॉलिडे क्लब आले, आणि त्या १४ दिवसांत विक्रेत्याने ग्राहकाकडून कोणतीही रक्कम घेण्यावर बंदी आली. ही बंदी विक्रेत्यावर आहे, हे आपण कृपया लक्षात घ्यावे. दोष केवळ ग्राहकाच्या लोभाचा असता, तर युरोपीय संघाच्या तेव्हाच्या २७ देशांना विक्रेत्याचा हात धरण्याचे कारण पडले नसते. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कायद्यानेही १० दिवस दिले आहेत. त्या दालनात दिलेला होकार दालनाबाहेर टिकेलच असे नाही, हे अनेक ठिकाणच्या कायद्यांनी मान्य केले आहे. तुम्ही मात्र ते मान्य करायला तयार नाही.

आणि मुदत असूनही ती हातची का जाते, तेही सांगते. माणूस सुट्टीच्या तिसऱ्या दिवशी सही करतो, उरलेले दिवस त्या विषयाला हात लावायचा नाही असे दोघे ठरवतात, घरी येतात, आणि मग कोणाला विचारायचे तर आधी ‘आम्ही फसलो’ असे म्हणावे लागते. ते म्हटले की समोरून नेमका तुमचा शब्द येतो. मी ही गोष्ट माझ्या आईलाही सांगितली नव्हती. ‘लोभ’ हा शब्द विक्रेत्याच्या फार उपयोगाचा आहे. तो ग्राहकाला नेमके त्याच दिवसांत गप्प बसवतो, ज्या दिवसांत एका पत्राने तो सुटू शकला असता.

समाधानी कुटुंबांबद्दल मी लिहिलेच नव्हते, त्यामुळे त्या मुद्द्यात शिरत नाही. ते समाधानी आहेत याचा मला आनंद आहे.

खळबळीच्या आरोपाबद्दल एवढेच सांगते. तेनेरिफेत टाइमशेअरचा मोठा व्यवसाय उभारणाऱ्या जॉन पामर याला २००१ मध्ये लंडनच्या ओल्ड बेली न्यायालयात फसवणुकीबद्दल आठ वर्षांची शिक्षा झाली. जुने आठवडे विकून देतो असे सांगून नवे विकणे, ही त्या प्रकरणातील एक युक्ती होती. मेक्सिकोतील टाइमशेअर फसवणुकीत २०१९ ते २०२३ या काळात सुमारे ६,००० अमेरिकनांनी जवळजवळ ३० कोटी डॉलर गमावल्याची नोंद एफबीआय या अमेरिकेच्या तपास यंत्रणेकडे आहे, आणि जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या अर्थखात्याने हालिस्को या मेक्सिकोतील अमली पदार्थांच्या टोळीशी जोडलेल्या तीन मेक्सिकन हिशेबनीसांवर व चार कंपन्यांवर निर्बंध घातले. तेथे फोन येतो तो जुन्या मालकाला: तुमच्या टाइमशेअरला गिऱ्हाईक मिळाले आहे, फक्त कर आणि शुल्क आधी भरा. पैसे गेल्यावर काही दिवसांनी वकील किंवा सरकारी अधिकारी म्हणवून दुसरा फोन येतो आणि बुडालेले पैसे सोडवून देण्यासाठी पुन्हा शुल्क मागितले जाते. दरवर्षी वाढणाऱ्या देखभाल खर्चातून सुटू पाहणारी, बहुधा उतारवयाची ही माणसे आहेत. त्यांना काही मिळवायचे नव्हते, फक्त बाहेर पडायचे होते. तुमचे ते वाक्य त्यांच्यापुढे उभे राहून वाचून दाखवण्याचे धैर्य तुम्हाला होईल का, हे मला खरोखर जाणून घ्यायचे आहे.

आपली प्रतिक्रिया प्रथम माझ्या पतींनी वाचली. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते काही न बोलता आत निघून गेले. १४ दिवसांचे आणि मेक्सिकोचे मुद्दे वाचून ते उठून गेले नव्हते. मेक्सिकोची दुरुस्ती मी आजच करत आहे. आपली प्रतिक्रिया मी काढणार नाही. ती आहे तशीच राहील. त्यातील तो एक शब्द मात्र आपण स्वतः मागे घ्यावा, अशी माझी अपेक्षा आहे.