वस्तरा हा दाढीनंतरच्या जळजळीवरचा उपाय नव्हे

दाढीनंतर गाल लाल होत असतील, मानेवर पुळ्या उठत असतील, घाम आला की त्वचा चरचरत असेल, तर तीन-पाच पात्यांचा रेझर टाकून द्यावा आणि वस्तरा हाती घ्यावा, म्हणजे हा त्रास मुळापासून जातो, असा सल्ला सध्या मोबाइलवरून हातोहात फिरतो आहे. त्याच्या पुष्टीसाठी दिली जाणारी कारणे साधारण ठरलेली असतात. जितकी पाती जास्त तितकी जळजळ जास्त. ज्यांनी वस्तरा धरला त्यांची त्वचा सुधारली. आजोबा-पणजोबांना वस्तऱ्याने कधी त्रास झाला नाही. सलूनमध्ये सोसते ते घरीही सोसेल. वस्तऱ्याची धार आयुष्यभर पुरते. आणि सुरुवातीला त्रास झालाच तर महिनाभर नेट धरावा, त्वचा सरावते. मी पुण्यात राहतो, सुमारे दीड वर्ष स्वतःच्या हाताने वस्तऱ्याने दाढी केली आहे, आणि त्या अवजाराविषयी माझ्या मनात आदर आहे. हा सल्ला मात्र मला घातक वाटतो, कारण ज्यांच्या मानेला आधीच त्रास आहे तेच तरुण त्यावर सर्वाधिक विश्वास ठेवतात.

पात्यांच्या संख्येचा मुद्दा पहिला घेतो, कारण त्यात सत्याचा अंश सर्वांत मोठा आहे. दोन पात्यांचा रेझर १९७१ मध्ये जिलेट कंपनीने बाजारात आणला, तीन पात्यांचा १९९८ मध्ये आणि पाच पात्यांचा २००६ मध्ये. या रचनेत पुढचे पाते केसाला धरून किंचित वर ओढते आणि तो मागे सरकण्यापूर्वीच मागचे पाते त्याला कापते, त्यामुळे कापलेले टोक त्वचेच्या पृष्ठभागाच्या खाली जाऊन बसते. केस सरळ असेल तर तो वाढून मुकाट्याने बाहेर येतो. केस कुरळा असेल, किंवा त्वचेतून तिरका उगवत असेल, तर त्याचे तिरके, टोकदार टोक एक तर आतूनच केसाच्या मुळाभोवतीची भिंत भेदते, किंवा बाहेर येऊन वळते आणि शेजारच्या त्वचेत पुन्हा शिरते. गवताचे कुसळ पायात मोडले की भोवतालचा भाग जसा सुजतो, तसेच इथे होते. शरीर आपल्याच केसाला परके समजून त्याच्याभोवती सूज आणि पुळी निर्माण करते. वैद्यकशास्त्रात याला ‘स्यूडोफॉलिक्युलायटिस बार्बी’ म्हणतात. आफ्रिकी वंशाच्या पुरुषांत त्याचे प्रमाण फार मोठे असले, तरी दाट आणि वळणदार दाढी असलेल्या आपल्याकडच्या पुरुषांनाही ते अनोळखी नाही.

याचा अर्थ असा की मूळ दोष केस खोलवर कापला जाण्यात आहे, आणि अनेक पाती हा तसे घडण्याचा केवळ एक मार्ग आहे. वस्तरा हा दुसरा मार्ग आहे. सैल त्वचेवर वस्तरा चालवता येत नाही. एका हाताच्या बोटांनी त्वचा ताणून धरावीच लागते. ताणलेल्या त्वचेतून केस अधिक बाहेर येतो, तिथे तो कापला जातो आणि बोटे काढताच त्याचे टोक आत सरकते. त्यात गुळगुळीतपणासाठी उलटा हात मारला, म्हणजे केसांच्या वाढीच्या विरुद्ध दिशेने वस्तरा फिरवला, तर पाच पात्यांनी जे साधले असते तेच एका पात्याने साधते. दुसऱ्या बाजूचा पुरावाही सांगायला हवा. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असा त्रास असलेल्या पुरुषांनी रोज अनेक पात्यांच्या रेझरने, पण नीट पूर्वतयारी करून दाढी केली, तेव्हा त्यांच्या पुळ्या वाढल्या नाहीत. या अभ्यासात रेझर बनवणाऱ्या कंपनीचा सहभाग होता, त्यामुळे तो मी अंतिम मानत नाही. पण ‘पाती जास्त म्हणजे जळजळ जास्त’ हे समीकरण इतके सरळ नाही, एवढे त्यावरून नक्की म्हणता येते.

आता ज्यांची त्वचा वस्तरा घेतल्यावर खरोखर सुधारली त्यांच्याविषयी. ते खोटे बोलत नाहीत. मात्र वस्तरा घेताना त्यांनी एकाच वेळी किती गोष्टी बदललेल्या असतात, हे त्यांच्या लक्षात आलेले नसते. एरवी ऑफिसची घाई असताना तोंडावर पाणी मारून, डब्यातला फेस फासून, दीड मिनिटात उरकलेली दाढी आता रविवारी सकाळी अर्धा तास चालते. आधी गरम पाण्याने आंघोळ होते, ब्रशने साबणाचा दाट फेस केला जातो, तो दोन-तीन मिनिटे दाढीवर मुरतो, आणि पाणी प्यायलेला केस कोरड्या केसापेक्षा कितीतरी कमी जोराने कापला जातो. हातात उघडी धार असल्याने भीतीपोटी दाब कमी पडतो. रोजची दाढी आठवड्यातून दोनदा होते. सुगंधी द्रव्यांचा डब्यातला फेस सुटतो, आणि ज्यांना त्या सुगंधाचीच अ‍ॅलर्जी होती त्यांचा त्रास तर तेवढ्यानेच थांबतो. एवढे सगळे बदलल्यावर श्रेय एकट्या वस्तऱ्याला देणे म्हणजे पथ्य, विश्रांती आणि औषध एकत्र घेऊन बरे झाल्यावर औषधाच्या बाटलीची पूजा करण्यासारखे आहे. हीच सगळी तयारी करून एका पात्याच्या साध्या रेझरने दोन आठवडे दाढी करून पाहावी, मगच वस्तऱ्याचा हिशेब मांडावा.

पुण्यापुरत्या आणखी दोन गोष्टी इथे मोडतात, आणि त्यांचा त्या सल्ल्यात कुठेही उल्लेख नसतो. उपनगरांतल्या अनेक सोसायट्यांना बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी मिळते. अशा पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी जुळून साय धरतात, फेस नीट होत नाही, आणि कमी फेसावर कोणतेही पाते खरवडतेच. दाढीपुरते क्षार काढणाऱ्या (आरओ) फिल्टरचे तांब्याभर पाणी गरम करून घेतले तरी फरक दिसतो. दुसरी गोष्ट हेल्मेटच्या पट्ट्याची. ताज्या दाढीवर, नेमका जबड्याखाली, तोच घामट पट्टा हिंजवडीपर्यंत तासभर घासत राहतो. ज्यांच्या पुळ्या फक्त पट्ट्याच्या रेषेतच येतात त्यांनी वस्तऱ्याचा विचार करण्यापूर्वी पट्टा धुवावा आणि दाढी रात्री करावी.

आजोबांचा दाखला मला सर्वांत दुबळा वाटतो. माझे आजोबा मुळशीकडचे. त्यांच्या गावात न्हावी ठरलेल्या वारी धोकटी घेऊन येत असे आणि ओट्यावर बसून एकेकाची दाढी करीत असे. म्हणजे दाढी आठ-पंधरा दिवसांनी होई, आणि ती जन्मभर तेच काम केलेल्या माणसाच्या हातून होई. मधल्या दिवसांत त्वचेला भरून यायला उसंत मिळे, कारण दाढीचे खुंट वाढलेले असणे कोणाला वावगे वाटत नसे. रोज गुळगुळीत हनुवटी ही नोकरीची अपेक्षा झाल्यावरचे दिवस त्यांच्या वाट्याला फार आलेच नाहीत. शिवाय त्यांना त्रास नव्हता हे तरी कशावरून म्हणायचे? ‘केसतोड’ हा शब्द आपल्या भाषेत फार जुना आहे. केस दुखावला की तिथे गळू धरते, हा अनुभव त्या शब्दातच साठवलेला आहे. त्या पिढीने वस्तरा पसंत केला असेही नाही, कारण पाते बदलण्याच्या रेझरला अमेरिकेत पेटंट मिळाले ते १९०४ मध्ये, आणि तो खेड्यापाड्यांत परवडेल अशा किमतीत पोहोचायला पुढे कित्येक वर्षे गेली.

सलूनचा मुद्दा समजुतीच्या घोटाळ्यातून आला आहे. आज पुण्यातल्या बहुतेक सलूनमध्ये जो वस्तरा दिसतो त्याला स्वतःची धार नसतेच. रेझरचे साधे ब्लेड मधोमध मोडून त्याचा अर्धा तुकडा त्यात बसवलेला असतो, आणि गिऱ्हाईक उठले की तो फेकून दिला जातो, निदान दिला जावा. म्हणजे सलूनमध्ये जे सोसते ते घरातल्या साध्या रेझरचेच पाते आहे. फरक पाडणारा आहे तो कारागिराचा हात. तो आधी पाणी फवारतो, बोटांनी फेस जिरवतो, मानेवरचा भोवरा पाहून वस्तऱ्याची दिशा तीनदा बदलतो. आरशात पाहून, डाव्या हाताने, उलट्या प्रतिमेत हे जमायला महिने जातात. वस्तरा त्वचेशी साधारण तीस अंशांच्या कोनात राहिला पाहिजे. कोन वाढला की कापतो, कमी झाला की केस ओढला जातो, आणि त्या चुकीपासून वाचवणारी, साध्या रेझरच्या पात्याजवळ असते तशी, आडवी पट्टी वस्तऱ्याला नसते. कारागिराला मी एकच विनंती करतो, आणि ती प्रत्येकाने करावी: “उलटा हात नको.”

सलूनमधल्या स्वच्छतेविषयी थोडेच, पण ठामपणे सांगतो. ब्लेड डोळ्यांदेखत बदलले जाते आहे ना, हे पाहावे. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो, आणि त्यासाठी डोळ्यांना दिसेल एवढे रक्तही लागत नाही. सगळ्यांच्या गालांवरून फिरणारा तुरटीचा खडा मात्र कोणी बदलत नाही. आपला खडा खिशात घालून नेण्यात संकोच करण्याचे काही कारण नाही.

धार आयुष्यभर पुरते, हे विधान वस्तरा वापरणारा कोणीही करणार नाही. प्रत्येक दाढीपूर्वी तो चामड्याच्या पट्ट्यावर पन्नास-साठ वेळा फिरवावा लागतो आणि काही महिन्यांनी दगडावर पाजवावा लागतो. पट्ट्यावर फिरवताना मनगट जरा वळले तरी धार मोडते. पोलादापेक्षा सुमारे पन्नास पटींनी मऊ असलेला केस धार कशी मोडतो, हे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. केस वाकून पात्याला तिरका भिडला, आणि त्या जागी पोलादाची घडण असमान असली, की धारेचा बारीक टवका उडतो. त्यांनी अभ्यास रेझरच्या पात्यांवर केला होता, पण केस तेच आणि पोलादाचा स्वभावही तोच. रेझरचे पाते खराब झाले तर ते फेकता येते. अमेरिकन अकॅडमी ऑफ डर्मेटॉलॉजी पाच ते सात दाढ्यांनंतर ते बदलावे असे सांगते. वस्तऱ्याची मोडलेली धार मात्र आपणच ओळखावी लागते, आणि नवशिक्याला ती गालावर ओरखडे उठल्यावरच कळते. जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी मांडलेले जर्मन वस्तरे पाहून कोणालाही मोह होईल. मलाही झाला. त्यांची मूठ सुंदर असते, पण धारेच्या कडेला गंजाने खड्डे पाडलेले असतील तर ते पाते कितीही पाजवले तरी नीट होत नाही.

राहिला तो महिनाभर नेट धरण्याचा सल्ला, ज्यासाठी मी हे सारे लिहायला बसलो. हात सरावतो हे खरे आहे. त्वचा सरावत नाही. आत शिरलेला केस आतच असतो, त्यावरून पुन्हा धार फिरली की पुळीचे तोंड कापले जाते, जंतुसंसर्गाला वाट मिळते आणि चपटे चामखीळ असतील तर ते दाढीच्या रेषेने पसरतात. माझ्या डाव्या जबड्याखाली केस आडवे उगवतात. तिथे पहिल्या महिन्यात उठलेल्या पुळ्यांना मी सरावाची किंमत समजलो, पुढच्या महिन्यांत मित्राने दिलेले मिश्र मलम लावले, आणि त्याने लाली उतरत असल्यामुळे निश्चिंत राहिलो. त्या मलमात तीव्र स्टेरॉइड होते. ते थांबवताच सगळे दुपटीने उसळले. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी भिंगातून पाहून दाखवले तेव्हा त्या भागात वळून आत गेलेले अकरा केस होते आणि दोन ठिकाणी गाठीसारखे वण धरले होते. त्यांनी मला नवा रेझर सुचवला नाही. चार आठवडे कोणतेही पाते लावायचे नाही, कोमट पाण्याची पट्टी ठेवायची, आत गेलेला केस उपटायचा नाही, फक्त त्याचे टोक मोकळे करायचे, आणि नंतर ट्रिमरने एक मिलिमीटर खुंट राखून कापायचे, एवढेच सांगितले. लष्करी शिस्तीतही याच दिशेने विचार झाला होता: अमेरिकेच्या हवाई दलाने २०२० मध्ये अशा सैनिकांना दाढी राखण्याची वैद्यकीय सवलत पाच वर्षांपर्यंत देण्याचे ठरवले, आणि त्यांच्या हाती वस्तरे दिले नाहीत.

ज्यांचे केस सरळ आहेत, मानेवर पुळ्या नाहीत, आणि ज्यांना सावकाश दाढी करण्याचे सुख हवे आहे, त्यांनी वस्तरा जरूर शिकावा. एखाद्या जुन्या कारागिराशेजारी चार रविवार बसून शिकावा. पुळ्या असतील त्यांनी आधी ट्रिमर घ्यावा, आणि दीड-दोन महिन्यांत उतार पडला नाही तर डॉक्टरांना दाखवावे. माझ्या मानेवरचे दोन्ही वण अजून हाताला लागतात. माझा वस्तरा मी टाकलेला नाही. दर पंधरवड्याला पट्ट्यावर फिरवून त्याने फक्त कल्ल्यांची रेष सरळ करतो, कारण तिथले केस सरळ खाली उगवतात आणि तिथे मला आजवर एकही पुळी आलेली नाही.